सदतिसाव्या प्रश्नानंतरचं टोपण

आमच्या ताईला लहानपणी कोपऱ्यावर दूध आणायला पाठवलं की दूध तासाभरानं यायचं आणि सोबत चार घरांच्या बातम्या यायच्या. अशा बाईला चेहरा कोरा ठेवून बसायची नोकरी लागावी, आता काय बोलायचं!

प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं संशोधन केंद्र आहे. ताई तिथे बावीस वर्षं संशोधक आहे. गरोदर बायकांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात भेटायचं, झोप, जेवण, काळज्या विचारायच्या. मूल दोन वर्षांचं झालं की त्याला लाकडी ठोकळे द्यायचे आणि ते किती उंच मनोरा रचतं, किती शब्द बोलतं ते टिपायचं. आईच्या जिवाला घोर असला तर तो बाळाच्या वाढीत उतरतो का, हे त्यांना शोधायचंय. ठोकळ्यांची पिशवी माझ्या हातची, कारण मी शिवणकाम करते. आधी तिला हौसेनं झालर लावली होती. मुलं ठोकळे सोडून झालरच चघळायला लागली, तेव्हा मुकाट्यानं उसवली.

केंद्राचा नियम कडक. प्रश्न छापलाय तसा विचारायचा, उत्तर आलं तसं लिहायचं. सल्ला नाही, धीर नाही. मोजणाऱ्यानं मध्ये लुडबुड केली की मापच बदलतं. हे मला पटतं. माप देताना गिऱ्हाइकानं पोट आत ओढलं की पुढे शर्टाचं काय होतं, ते मला विचारा.

पण सदतिसावा प्रश्न असा होता: ‘मन मोकळं करावं असं तुमचं कुणी आहे का?’ ‘नाही’ आलं तर खूण करून अडतिसाव्याकडे जायचं. ताईला ते काही जमेना. केंद्र खटक्याची पेनं द्यायचं, ही मात्र आपलं शाईचं पेन न्यायची. ‘नाही’ आलं की पेनला टोपण लावायची, बाजूला ठेवायची आणि म्हणायची, “आता मी काही लिहीत नाही.” मग समोरची बाई बोलायची. तिचं बोलून झालं की टोपण निघायचं आणि अडतिसावा प्रश्न यायचा. टोपण लावलं की अभ्यास बंद, म्हणजे नियम शाबूत, असं ताईचं गणित! वर फॉर्मच्या कडेला इमानेइतबारे नोंद करायची: ‘टोपण, ४० मिनिटं.’

हा अभ्यास सुरू होऊन चार वर्षं झाल्यावर आकडेमोड करणाऱ्या गृहस्थांच्या लक्षात आलं, की ताईच्या बायकांची काळजी आठव्या महिन्यापर्यंत बरीच उतरलेली दिसते, इतरांच्या बायकांची नाही. या गृहस्थांना सगळे ‘दशांश’ म्हणतात. त्यांनी एकेक फॉर्म चाळला आणि कडेची टोपणं शोधून काढली.

केंद्राच्या प्रमुख, मोठ्या बाई, यांचा ताईवर जीव. त्यांनी तिला बोलावून वाटही काढून दिली. “ही चहाची सुट्टी असेल ना?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर त्र्याऐंशी आयांचे फॉर्म वाचले असते, ताईची चार वर्षं वाचली असती.

“नाही बाई,” ताई म्हणाली. “चहा नव्हता. मी ऐकत होते.”

त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी फॉर्म बाद झाले.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो. संध्याकाळी तिनं हे सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. “एरवी जगभर बडबडतेस, नेमकं तिथे मूग गिळून बसता येईना?”

“आणि त्या मापावर उद्या कुणी बायकांचे उपचार ठरवले तर?” ती म्हणाली. “चूक माझीच गं. नियम माहीत होता मला.”

मी रागारागानं मशीन चालवत राहिले. ती नुसती बसून होती. अशी गप्प ताई मी कधी पाहिली नव्हती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही बावीस वर्षं परक्या बायकांना विचारतेय आणि मी, सख्खी बहीण, तिला एकदाही विचारलेलं नाही. मला फार लाज वाटली. मी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

“बोल,” म्हटलं.

ती तासभर बोलली. रडली, मग दशांशांची नक्कल करून दाखवली, मग आम्हाला सपाटून भूक लागली.

आठ महिन्यांनी केंद्रात नवा अभ्यास ठरला. कुणी ऐकून घेतल्यानं खरंच फरक पडतो का? निम्म्या आयांना नुसते प्रश्न, निम्म्यांचं ऐकूनही घ्यायचं, आणि कोण कुठे ते चिठ्ठी टाकून. हट्ट दशांशांचाच. “योगायोग असेल तर तेही कळेल,” म्हणाले. ताईनं एकच अट घातली: नुसत्या प्रश्नांच्या आयांचा शेवटचा फॉर्म भरून झाला की त्यांचंही ऐकायचं. नव्या मुलींना शिकवायचं कामही तिच्याचकडे आलं.

“आणि काहीच फरक दिसला नाही तर?” मी विचारलं.

“तर तसं लिहू,” ती म्हणाली आणि नियमांची नवी पुस्तिका माझ्या मशीनवर ठेवली. मी चष्मा लावून वाचलं. छापलेलं होतं: ‘ऐकण्याच्या गटात सदतिसाव्या प्रश्नाचे उत्तर “नाही” आल्यास पेनला टोपण लावावे. समोरची व्यक्ती थांबेपर्यंत काढू नये.’

मी दोनदा वाचलं. ताई माझ्याकडेच बघत होती, गालातल्या गालात हसत.

“दशांशांनी खटक्याची पेनं परत पाठवली,” ती म्हणाली. “खोकंभर टोपणवाली आलीत.”