आठ अक्षरांत मावलेले गुरुजी

या माणसाच्या हातात कॅमेरा देऊ नका असं आमच्या गावात माझ्याबद्दल कोणी म्हणत असेल, तर त्याला रागावू नका. त्याच्याकडे कारण आहे. आणि ते कारण मी स्वतः तुम्हाला सांगतो, कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकाल तर त्यात अजून दोन बैल वाढलेले असतील.

हो, बैल. सांगतो ना! चहा घ्या आधी.

मी तेव्हा आदिलाबादला सरकारी कचेरीत कारकून होतो. गाव जैनथच्या बाजूला, पेनगंगेच्या अलीकडं. कॅमेऱ्याचा नाद जुना. पोळा, जयंतीची मिरवणूक, शाळेचं संमेलन, नव्या बोअरला पाणी लागलं तो दिवस, गावात काहीही होवो, गळ्यात कॅमेरा लटकवून मी हजर. पैसे कोणाकडूनच घेत नव्हतो, त्यामुळे बोलावत सगळेच होते.

पंधरा वर्षांत फोटो किती झाले असतील? बिस्किटांचे अकरा डबे! पलंगाखाली डबे, कपाटावर डबे, आणि एक डबा तर बायकोनं कणीक समजून पुरणाच्या दिवशी उघडला. त्या दिवशी तिनं सांगितलं, "या घरात आता एक तं तुमचे फोटो राहतील, नाईतर मी."

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आदिलाबादेत नुकतंच एक कंप्युटर शिकवायचं दुकान निघालं होतं. तिथं एक काचेची पेटी होती. तिच्यावर फोटो पालथा ठेवला की पेटीतून हिरवा उजेड सरकत जाई आणि फोटो पडद्यावर दिसे. मी पाहिलं आणि म्हटलं, संपलं! अकरा डबे या पेटीत घालायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं, आणि पुन्हा आयुष्यात कधी काही शोधायचं नाही.

दुकान चालवणारे रफीकभाई चांगले पन्नाशीचे, सबुरीचे गृहस्थ. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "देखो साब, फोटो का नाम आठ अक्षर में देना. इंग्रजी में. नववा अक्षर ये मशीन लेताच नहीं."

"काऊन नाही घेत?"

"अब मैं कैसे बोलूँ? मैंने थोडीच बनाया!"

ठीक. मी वही केली. आठ-आठ अक्षरांची नावं पाडत बसलो. संध्याकाळी कचेरी सुटली की थेट दुकानात. कचेरीतले लोक म्हणायला लागले, साहेब होणार हा. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

अशात आमचे पतंगे गुरुजी निवृत्त व्हायचे ठरले. शंकर पतंगे गुरुजी. फेटा बांधणारे त्या भागातले शेवटचे मास्तर. आवाज असा की वर्गात पाढा म्हटला तर बसस्टँडवरची माणसं गप्प होत. गावातल्या दोन पिढ्यांची बोटं त्यांनी धरून गिरवलेली, त्यात मीही आलोच. गावानं ठरवलं, मोठा सत्कार करायचा, आणि गुरुजींचा मोठ्ठा फोटो फ्रेम करून भेट द्यायचा.

पण गुरुजींचा फोटोच नव्हता! फोटो काढायला ते उभेच राहत नसत. एका संमेलनात मी लांबून काढलेला एक होता, बक्षीस देताना. गळ्यात हार, अंगावर शाल, डोक्यावर फेटा. मी सभेत छाती काढून उठलो.

"फोटो माझ्याकडं सोडा. आपण कंप्युटरवर करू!"

एक म्हातारा म्हणाला, "अरे सुभाष, निगेटिव्ह दे न स्टुडिओत. सोपं काम हाये."

मी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं विमानातला माणूस बैलगाडीकडं पाहतो.

आता इथून नीट ऐका, कारण खड्डा इथंच आहे.

मी गुरुजींचा फोटो पेटीत घातला. नाव दिलं शंकर पतंगे. पण अक्षरं आठच! इंग्रजीत मोजून लिहिलं तर मावलं किती? एस-एच-ए-एन-के-ए-आर-पी, म्हणजे फक्त 'शंकरप'. चालेल, म्हटलं.

चार दिवसांनी रफीकभाई नमाजाला गेले होते आणि मी एकटाच बसलो होतो. त्या दिवशी हाती आले शंकरपटाचे फोटो. आमच्याकडं बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात आमच्या किसनदादाच्या सुलतान नावाच्या बैलाचा एक फोटो असा निघाला होता की विचारू नका! पहिला नंबर आल्यावर गळ्यात हार, पाठीवर भरजरी झूल, शिंगांना रंगीत गोंडे, आणि डोळे थेट कॅमेऱ्यात. मी नाव द्यायला लागलो, शंकरपट. अक्षरं आठ. मावलं किती?

'शंकरप'!

मशीननं लगेच एक चौकट दाखवली. इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं होतं. माझं इंग्रजी कचेरीतल्या अर्जापुरतं. मला एवढंच कळलं की 'हे नाव' आणि 'ठेवू का?' असं काहीतरी आहे. काय ही अदब! विचारल्याशिवाय ठेवत नाही! मी खूश होऊन 'येस' दाबलं.

आधीचे गुरुजी पुसले गेले आणि त्यांच्या जागी बैल उभा राहिला. एका बोटात.

मला काही पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी मी फ्लॉपीवर 'शंकरप' उतरवून घेतलं, सोबत खाली छापायचा मजकूर लिहिला, 'चौतीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक', आणि सगळं नागपूरच्या एका दुकानात पाठवून दिलं. तिकडं मोठे रंगीत फोटो छापून फ्रेम करून देत.

तीन दिवसांनी कचेरीत त्या दुकानदाराचा फोन आला. लाइन अशी खरखरत होती, जसं कोणी पलीकडं पापड भाजतंय.

"साहेब, फोटो झकास आहे. पण डोक्यावरचं फ्रेममध्ये मावत नाही. थोडं कापू का?"

डोक्यावरचं म्हणजे फेटा! मी खुर्चीवरून उठलोच. "अजिबात नाही! वरचं कापायचं नाही. तीच तं त्यांची शान हाये!"

"बरं बरं. आणि पाठीवरची झूल?"

मला ऐकू आलं शाल. "राहू द्या. सत्काराची हाये ती."

"वा! लय जीव दिसतो तुमचा. घरचेच का?"

"घरच्यासारखेच. त्यांच्यामुळंच तं आमी आज दोन घास खाऊन राह्यलो."

"खरं आहे, साहेब. वय किती झालं?"

"अठ्ठावन्न."

फोनमध्ये बराच वेळ नुसते पापड भाजले गेले.

"अठ्ठावन्न?" दुकानदार हळूच म्हणाला. "लयच टिकले हो!"

"टिकनारच! अजूनही पहाटे उठून चार मैल चालतात."

"आणि काम?"

"या महिन्याच्या शेवटपर्यंत आहे. मंग आराम."

"द्या, आराम द्या त्यांना," दुकानदार गहिवरून म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मीही डोळे पुसले. केवढा भला माणूस!

फ्रेम सत्काराच्याच दिवशी सकाळच्या बसनं आली. वर चमचमणारा कागद, त्यावर लाल फीत, फितीचं फूल. बायको म्हणाली, "उघडून पाहा न एकदा."

"एवढं सुरेख बांधलेलं काऊन सोडायचं? कंप्युटरचं काम हाये, माणसाचं नाई. चूक होत नसते."

तिनं फितीचं फूल बोटानं सरळ केलं. पण ज्या तऱ्हेनं केलं, ती मला अजून आठवते.

शाळेच्या पटांगणात मांडव. पुढं बाया, मागं गडी, कडेला सायकली. व्यासपीठावर हार घातलेले गुरुजी, आणि शेजारी पाहुणे म्हणून तहसीलदारसाहेब. साहेब मूळचे गोदावरीकडचे, तेलुगू माणूस. मराठी कळत नसे, म्हणून हिंदीत बोलत. टेबलावर फ्रेम उभी केली होती, तोंड लोकांकडं. साहेब तिच्या मागं उभे राहिले, हात पुढं घालून त्यांनी फीत सोडली, कागद ओढला, आणि फ्रेमवर हात ठेवून लोकांकडं पाहत भाषण सुरू केलं.

मी समोर गुडघ्यावर बसून कॅमेरा डोळ्याला लावलेला. काचेतून पाहिलं. उजेड बरोबर. फोकस बरोबर. रंग तर काय सुंदर उतरले होते! फक्त माणूस नव्हता.

फ्रेममधून सुलतान बैल माझ्याकडं पाहत होता. खाली सोनेरी अक्षरांत, 'चौतीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक'.

आणि साहेब मागून बोलत होते!

"ये चेहरा देखिए! कितना सीधा, कितना शांत! चौंतीस साल गर्दन झुकाके काम किया. धूप नहीं देखा, बारिश नहीं देखा. जो मिला, उसमें खुश!"

बायांच्या रांगेतून पदरातलं पहिलं खुसखुसणं आलं. मग दुसरं. साहेबांना वाटलं, भाषण रंगतंय. ते अजून जोरात आले.

"ऐसे दस और मिल जाएँ, तो ये पूरा इलाका सुधर जाए!"

तेवढ्यात मागून किसनदादा उठून उभा राहिला. धोतर सावरत, दोन्ही हात वर करून ओरडला, "अबे, हा तं माहा सुलतान व्हय!"

मग जे झालं, त्याला हसणं म्हणत नाहीत. मांडवाचा एक बांबू हलला. साहेबांनी फ्रेम फिरवून पाहिली, मग गुरुजींकडं पाहिलं, मग पुन्हा फ्रेमकडं. "एमंडी इदी?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. हे काय आहे, असं ते विचारत होते, आणि तो प्रश्न भाषेचा नव्हता.

मी कॅमेरा डोळ्यावरून काढलाच नाही. त्याच्यामागं लपायला जेवढी जागा होती, तेवढीच आता मला या जगात उरली होती.

"सुभाष!"

गुरुजींचा आवाज. पंचवीस वर्षांनीसुद्धा माझे पाय आपोआप उभे राहिले. मी व्यासपीठावर गेलो. माईक मधेच उभा, आणि चालू.

"हे काय हाये?" गुरुजींनी विचारलं.

"बैल, गुरुजी."

"ते दिसून राह्यलं मले. काऊन हाये?"

"गुरुजी, ते... कंप्युटर आठच अक्षरं घेते. तुमचं नाव लांब पडलं. शंकरपटाचंही लांब पडलं. आठ अक्षरांत तुमी दोघंही एकच झाले."

"मी आन बैल?"

"कंप्युटरच्या हिशोबानं... हाव, गुरुजी."

हे सगळं माईकवरून! शेवटच्या सायकलीपर्यंत!

गुरुजींनी चष्मा पुसला, घातला, आणि फ्रेमच्या जवळ गेले. वाटलं, आता कान धरतात. धरला असता तरी मी नाही म्हटलं नसतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग बाजारात दात मोजून बैलाचं वय विचारतात तशी हाक मारली.

"किसना, किती दाती हाये रे?"

"सहा दाती, गुरुजी!"

"शिंगं झाक हायेत." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "डोळे पन बरोबर धरले तू." आणि त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून फ्रेमला घातला. तसे त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हाला आधी वाटलं, गुरुजींना काही झालं. नंतर कळलं, ते हसत होते. हसताना त्यांना आम्ही कोणी पाहिलेलंच नव्हतं, मग ओळखणार कसं?

साहेबांना प्रकार हिंदीतून समजावला, तेव्हा त्यांनी आपलं भाषण मनातल्या मनात पहिल्यापासून आठवलं असावं. कारण एकदम खुर्चीत बसले आणि रुमाल तोंडात धरला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दाराशी रांग. बोथच्या बाजूनंही लोक आले. सगळ्यांची एकच मागणी, "भाऊ, आमच्या बैलाचाही तसाच काढा न. सोनेरी अक्षरवाला." एकानं तर विचारलं, तहसीलदारसाहेब किती वाजता येतात? बायको दारात उभी राहून प्रत्येकाच्या बैलाचं नाव वहीत लिहून घेत होती, आणि इतक्या आनंदात मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं. लग्नाचे, बारशाचे फोटो मात्र लोक गुपचूप आदिलाबादच्या स्टुडिओत काढायला लागले.

आठवड्यानं मी गुरुजींचा खरा फोटो, स्टुडिओतून, निगेटिव्हवरून, तीन वेळा उघडून पाहून, त्यांच्या घरी घेऊन गेलो. तो त्यांनी घेतला, बरा आहे म्हणाले आणि कपाटात ठेवून दिला. बैठकीतल्या भिंतीवर सुलतान आधीच लागला होता, हारासकट.

तेवढ्यात परगावचे एक पाहुणे आले. भिंतीकडं पाहून म्हणाले, "वा गुरुजी! काय देखणा बैल आहे! तुमचाच का?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

"फोटोतला किसनाचा हाये," गुरुजी म्हणाले. "माहा हा इथं बसला हाये, चहा पिऊन राह्यला."