तांबट आळी थांबली तेव्हा

लेक गेली त्या पावसाळ्यानंतर मी देवापुढे दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. ती देवीच्या साथीत गेली. अंगावर फोड उठले तेव्हा सगळे म्हणाले, आई घरी आलीय, तिचा मान ठेव. मी ठेवला. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले, घरात फोडणी बंद केली, अनवाणी जाऊन देवीची ओटी भरली. आणि आई परत जाताना माझ्या मुलीला घेऊन गेली. त्यावर मी कुणाशी भांडले नाही. घरातली कामं हातांनी होत होती, माणसांत बसत-उठत होते. पण आपलं ऐकणारं कुणी आहे, हे वाटणंच आतून निघून गेलं होतं. आणि ते गेल्याचं दुःख करायलाही मन जागेवर नव्हतं.

आमचं गाव कोकणात, खाडीच्या काठावर. आमचे हे दरवर्षी थंडीत बैलांवर नारळ लादून घाट चढायचे आणि पुण्यात माल विकून परत यायचे. त्या वर्षी निघायच्या वेळी सासूबाई उंबऱ्यात येऊन बसल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. म्हणाल्या, "डोळे पुरते जायच्या आधी मला पुणं बघायचंय. श्रीमंतांचं एवढं मोठं शहर, सगळ्या मुलखात नाव. आणि माझ्यासोबत सूनबाई हवी." ह्यांनी खूप समजावलं, घाटाची भीती घातली. पण आत्याबाईंनी एकदा ठरवलं की घाटालाच वाट द्यावी लागायची. मला गाव काय आणि पुणं काय, सारखंच होतं.

लाकडी पुलावरून नदी ओलांडली आणि शहरात शिरलो. एवढी माणसं एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. उंच पगड्यांचे कारकून, भाले घेतलेले स्वार, जटा वाढवलेले गोसावी, सुरमा घातलेले अत्तरवाले. हौदात वाकून बघावं तर काठोकाठ पाणी, आणि ते म्हणे लांबच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळाने येतं. शुक्रवार पेठेत वखारीशेजारच्या ओसरीवर आमची सोय झाली. दुसऱ्या दिवशी हे माल उतरवण्यात गुंतले आणि आम्हा दोघींना म्हणाले, "जोगेश्वरीचं दर्शन घ्या, संध्याकाळी मी पर्वतीला नेतो. इकडेतिकडे भटकू नका."

आत्याबाईंचा हात धरून मी निघाले. दर चार पावलांवर त्या विचारायच्या, "आता काय आहे गो समोर?"

"हत्ती आहे."

"कसा आहे?"

"मोठा आहे."

"हत्ती मोठा असतो हे मला गावात बसून ठाऊक होतं. त्यासाठी घाट चढले होय?"

मग मला नीट बघावं लागायचं. त्याच्या कपाळावर पिवळा रंग काढलाय, गळ्यात घंटा आहे, माहुताच्या मांडीवर पेरूंचा वाटा आहे आणि हत्ती सोंड वळवून हळूच त्यातलं एकेक उचलतोय. आत्याबाई खुदकन हसायच्या. मला हसू येत नव्हतं, पण डोळ्यांना काम मिळालं होतं.

जोगेश्वरीच्या देवळात गर्दी होती. आत्याबाईंनी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. मी मागे उभी राहिले. शेंदराने माखलेली, मोठ्या डोळ्यांची ती मूर्ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मनात एकच आलं, तू तीच आहेस. हात पदराखालीच राहिले.

बाहेर पडलो तेव्हा वाड्याकडे निघालेली स्वारी रस्त्यात आली. पुढे चोपदार ओरडत होते, मागे घोडे, मधे अंबारीचा हत्ती. लोक दोन्हीकडच्या भिंतींना चिकटले. मागून लोंढा आला आणि माझ्या मुठीतून आत्याबाईंचा हात सुटला. स्वारी पुढे गेली, धूळ खाली बसली, तर आत्याबाई नाहीत.

अशा वेळी माणूस काय करतं ते मला नीट सांगता येणार नाही. मी पळत सुटले. मंडईपर्यंत गेले, भाजीवाल्यांच्या पाट्यांमधून फिरले, नगारखान्याखाली उभी राहून हाका मारल्या. एका पोहेवाल्याला विचारलं, "अहो, इथून म्हातारी बाई गेली का?" तो तराजूवरून नजर न उचलता म्हणाला, "पुण्यात म्हाताऱ्यांची वाण नाही, बाई. कुठली हवी?" डोळ्यांनी अधू आहे, कोकणातली आहे, असं सांगितल्यावर मात्र त्याने तराजू खाली ठेवला, बाहेर येऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि म्हणाला, "कसब्याकडे बघा. स्वारीची गर्दी तिकडे सरकते." आणि मी वळले तेव्हा मागून, "पळू नका, तुम्हीच हरवाल."

कसब्यातल्या बोळांतून मी किती फिरले कोण जाणे. ऊन डोक्यावर आलं. ज्या माणसाला हात धरून पायरी उतरवावी लागते, ते या शहरात कुठे पडलं असेल, कुणाच्या घोड्याखाली आलं असेल, नुसते विचार. फिरता फिरता मी तांबट आळीत शिरले. दोन्ही बाजूंनी तांबट बसलेले, घरोघरी हंडे, घागरी, पराती घडवणं चाललेलं, आणि तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा असा कल्लोळ की स्वतःची हाकही ऐकू येईना. मी ओरडले, "आत्याबाई!" तोंड उघडलं एवढंच कळलं.

तिथेच एका ओट्याच्या कडेला मी बसले. पाय उचलेनात. मुलीच्या वेळी मी काय काय कबूल केलं होतं, नवस, उपास, अनवाणी चालणं. आता कबूल करायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं आणि मागायचं बळही नव्हतं. मनातल्या मनात म्हणाले, "मी थकले. मला नाही सापडत. तुझं माणूस आहे, तूच सांभाळ." रागाने नाही म्हटलं, भक्तीनेही नाही. खांद्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तसं म्हटलं.

आणि आळी थांबली.

सगळे हातोडे एकदम थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज नाही. छपरावरच्या पारव्यांची घूघू ऐकू आली. त्या शांततेत पलीकडच्या घराच्या मागल्या अंगणातून खणखणीत आवाज आला, "अगो, असा नाय खवायचा नारळ! अख्खी कवड चेचून ठेवलीस तू!"

मी धावले. अंगणात आत्याबाई पाटावर बसल्या होत्या, समोर विळी, आणि शेजारी माझ्याच वयाची एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मला बघून ती उठली. "हीच का तुमची सून? या बाई, बसा आधी. रंग उडालाय पार." मागे परत ठोके सुरू झाले होते.

तिचं नाव गोदा. तांबटाची बायको. घागर पोचवून परतताना तिला आत्याबाई भिंतीला धरून उभ्या दिसल्या. थोडा वेळ ती सोबत थांबली, मग ऊन लागेल म्हणून घरी घेऊन आली. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे निरोप ठेवला होता, पण मी उलट्या दिशेला पळाले होते. एवढं सांगून झाल्यावर ती मला माजघराच्या दाराशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "तुमच्या आत्याबाईंना उजेडापलीकडे काहीच दिसत नाही, ठाऊक आहे ना? मी विचारलं, मग एवढ्या लांब कशाला आलात? तर म्हणाल्या, मला कुठे बघायचंय. सून वर मान करून बघायची थांबलीय, तिला बघायला आणलंय."

मी तिथेच दाराला टेकून रडले. मुलगी गेल्यापासून अडून राहिलेलं सगळं वाहून गेलं. गोदा पाठीवर हात ठेवून उभी राहिली, मग गूळपाणी आणून दिलं.

निघताना ओसरीवर काम करणाऱ्या तिच्या सासऱ्यांना मी विचारलं, "मघाशी सगळे का थांबलात?" त्यांनी जरा आठवून बघितलं. "थांबलो होतो खरं. एकजण थांबला की दुसरा वर बघतो. तसंच झालं असेल." आणि पुन्हा हंड्याकडे वळले. आजपर्यंत मी कुणाशी त्यावर वाद घातलेला नाही.

संध्याकाळी ह्यांनी आम्हाला पर्वतीला नेलं. पायऱ्या चढताना मी आत्याबाईंना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण मला दिसत नाही गो. रोजच कुणाच्या तरी हातावर विसंबून पाऊल टाकायचं. कधी तुझा हात, कधी माझ्या लेकाचा, आज त्या पोरीचा. कुणाचा हात म्हणून विचारत बसले तर चालायचं कधी?"

वर देवाच्या समोर उभी राहिले तेव्हा काही मागावंसं वाटलं नाही. माझी लेक का गेली याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि मिळेल असंही आता वाटत नाही. पण मी एकटीच सगळं धरून उभी नाही, एवढं त्या दिवशी कळलं. मी दमून मूठ सैल केली, तर कुणीतरी आधीच खालून ओंजळ धरली होती. खाली तळ्यावर उन्हं कलली होती, शहरात एकेक दिवा लागत होता. देवासमोर माझे हात आपोआप जुळले. शेजारी आत्याबाई चाचपडत होत्या. त्यांचं बोट माझ्या जोडलेल्या हातांना लागलं आणि तिथेच थांबलं.