बिडी कोठे फेकी?

दिव्याची वात विझली की जळक्या कापसाचा वास येतो आणि मला शिरपूरची जिनिंग आठवते. मी तिथे खराब कापूस निवडायला जायची. एका दुपारी कापसाच्या गंजीने पेट घेतला. त्याआधी गंजीजवळ मी सातपुड्याकडचा एक हमाल उभा असलेला पाहिला होता, एवढंच. आग विझली, राखेचं काळं पाणी पायांखालून वाहत होतं, तेव्हा मुकादमाने त्या हमालाकडे बोट करून मला विचारलं, "अक्का, त्यानी बिडी कोठे फेकी?" बिडी होती का, हे त्याने विचारलंच नाही. पण त्याने बिडी म्हटलं आणि मला ती त्या हमालाच्या बोटांत दिसलीच, लाल टोकासकट. मी हात करून म्हटलं, "तठे." "अक्का, मी ते बिडी पेतच नही," हमाल एवढंच बोलला. त्याच संध्याकाळी त्याला कामावरून काढलं. तो तंबाखू खायचा. रोज माझ्याकडेच चुना मागायचा. त्या दुपारीही माझ्याच डबीतला चुना बोटावर घेऊन तो गंजीकडे गेला होता. हे सगळं मला घरी गेल्यावर आठवलं, आणि तरी मी परत जाऊन सांगितलं नाही, कारण बिडीही मला तितकीच स्पष्ट दिसत होती. अजून दिसते. चुना दिसत नाही.