तळहाताखालचा कागद

वर्गाच्या मॅडमनी कागदावर हात ठेवला होता. पूर्ण पंजा पसरून. फक्त खालची एक रेघ उघडी होती. तिथे पेन टेकवून म्हणाल्या, "इथे सही करा."

मी उभी होते. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. त्यांचा मुलगा माझ्या प्रज्ञाच्याच वर्गात, नववीत. त्यांच्यापुढे चहा होता आणि मुलाचे सगळे पेपर. निवांत एकेक पान उलटत होते. एका उत्तरावर त्यांनी बोट ठेवलं. मॅडमनी वाकून पाहिलं आणि हसत हसत मार्क वाढवून दिला.

माझ्याशी बोलताना हसू गेलं. "गणित आणि सायन्स, दोन्हीत नापास आहे तुमची मुलगी. हिला दहावीला बसवली तर शाळेच्या निकालाचं काय? दाखला घेऊन जा. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसेल."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता दहावीची परीक्षा द्यायची. आमच्या कॉलनीत असे फॉर्म भरलेली पोरं आहेत. एक रिक्षा चालवतो. एकीचं लग्न लावून दिलं. दहावी त्यांच्यातल्या कुणाचीच झाली नाही.

मी विचारलं, "तिचे पेपर बघू का?"

"तुम्हाला त्यातलं काय कळणार?" मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, "आरटीईची ॲडमिशन. आठवीपर्यंत फुकट होतं, तोवर ओढलं कसंबसं." गृहस्थांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही.

कानशिलं तापली. तरी पेन मी हातात घेतलं. आमच्याकडे रीतच तशी. शाळेतल्या माणसाने बोट ठेवायचं, आपण सही करायची. वाचायला मागणं म्हणजे गुरुजींवर अविश्वास. तो अपमान त्यांचा. आपला अपमान कुणी मोजत नाही.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. हात उचलला गेला. कागद मराठीत होता. मी वाचला. 'मी स्वेच्छेने, घरगुती अडचणीमुळे, माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागत आहे.'

घरगुती अडचण. माझ्या घरातली अडचण शाळेला ठाऊक, मलाच नाही. आणि स्वेच्छेने. माझी इच्छासुद्धा यांनीच टाईप करून आणलेली. म्हणजे उद्या कुणी विचारलं, तर शाळेने काढलं नाही, आईच घेऊन गेली.

मी पेन खाली ठेवलं.

"आधी पेपर दाखवा."

"पालकांना पेपर दाखवत नसतात. गोपनीय असतं ते."

"मग हे काय बघतायत?"

"ते पालक संघात आहेत." एवढं बोलून मॅडमनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. "विचार करा आणि उद्या या. मुलीच्या वडिलांना पाठवा."

वडील ट्रकवर असतात. महिन्यातून दोनदा घरी. शाळेचं सगळं मीच बघते, अंबडच्या कारखान्यात पॅकिंगची पाळी बदलून घेऊन. हे शाळेला माहीत होतं. मुद्दामच म्हणाल्या.

घरी गेले ते डोक्यात किडे घेऊनच. एकदा संशयाने घर केलं की तो सगळ्यांकडे बघतो. मी प्रज्ञाकडेही तसंच बघितलं. पोरगी खोटं बोलत असली तर? भाकरी थापता थापता म्हटलं, "माझ्याकडं बघून सांग. पेपर कसे गेले होते?"

"गणित लय अवघड गेलं. सायन्स चांगलं गेलं होतं, आई. खरंच."

"मग दोन्हीत नापास कशी?"

"तुला पण माझ्यावर डाऊट आहे ना?"

होता. तिला कळलं. मग म्हटलं, "उद्या तुझी सगळी फाईलच मागते. काय ते दिसेल." पोरीचा चेहरा उतरला. "सगळी नको. त्यात समुपदेशक मॅडमला मी जे सांगितलं ते लिहिलंय."

"काय सांगितलंस?"

"ते माझं आहे."

भाकरी तव्यावर करपली. मनात नको नको ते आलं. कुणी पोरगा? घरातलं काही? माझ्याबद्दल काही? चिमटा गरम असताना पोरीवर ओरडणं सोपं असतं. मी ओरडले. ती उठून विहाराच्या पायरीवर जाऊन बसली. मला तिचा राग आला, आणि त्या शाळेचा जास्त आला. माझ्या पोरीने मन कुठे मोकळं केलं, तर ज्यांनी तिच्या नावाचा खोटा कागद टाईप केला त्यांच्याकडे.

आमच्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, त्यांनी शिका म्हणून सांगितलं. शाळेवर डोळे झाकून विश्वास ठेवा, असं सांगितलेलं नाही. हे मला त्या दिवशी कळलं, चाळिशीला आल्यावर. संशय घेऊ नये, असं आम्हाला जन्मभर शिकवलं. शिकवणारे मात्र आमच्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेत आले. दुधाने तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून प्यावं. आमचं तोंड तर पिढ्यान्‌पिढ्या पोळलंय.

प्रज्ञाची फाईल दाखवा म्हणून मी अर्ज लिहिला. माझ्या हाताने, मराठीत, दोन प्रती. दुसऱ्या दिवशी क्लार्कपुढे ठेवून म्हटलं, "पोच द्या." दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि सही, एवढंच. ती नसली तर अर्ज दिलाच नाही असं म्हणायला हे मोकळे.

"पोच देत नाही आम्ही. ठेवून जा."

"मग मी पण जात नाही."

उभी राहिले. फी भरायला आलेले लोक बघत होते. बघू दे. शेवटी मुख्याध्यापकांनी आत बोलावलं. आवाज मधाळ. "ताई, कायदा समजून घ्या. मुलगी मोठी झाली आहे. तिची प्रायव्हसी असते. फाईलमध्ये तिच्या खाजगी गोष्टी आहेत."

बघा चलाखी. काल माझ्या मुलीला बाहेरचा रस्ता दाखवताना तिची प्रायव्हसी कुठे होती? चहा पिणाऱ्यांच्या मुलाला प्रायव्हसी नसते का? पण बोलणं खोटं असलं तरी त्यातला एक शब्द खरा होता, आणि तो मला माझ्या पोरीने आदल्या दिवशीच सांगितला होता.

मी म्हटलं, "समुपदेशनाचं पान काढून ठेवा. ते तिचं आहे, मला बघायचं नाही. तिचे पेपर, मार्क, हजेरी दाखवा. आणि माझ्याबद्दल जे लिहिलंय ते."

सरांनी मॅडमना बोलावून घेतलं. मग पोचेचा शिक्का बसला. मग पेपर आले.

मी खुर्ची ओढून बसले. गणितात ती नापास होती. चक्क नापास, कुठे लबाडी नाही. वाईट वाटलं. सायन्समध्ये ती पास होती. लाल शाईत, मॅडमच्याच अक्षरात, पास. कागदावर पास केलेली पोरगी मला तोंडी नापास करून दाखवली होती. आणि शेऱ्यात लिहिलं होतं: 'पालक उदासीन. दाखला नेण्यास तयार.'

"चुकून बोलले असेन," मॅडम म्हणाल्या. सर लगेच म्हणाले, "गणिताची फेरपरीक्षा असते जूनमध्ये." असते. काल ती नव्हती.

प्रज्ञा गणित करतेय. होईल का पास, मला माहीत नाही. समुपदेशक मॅडमला तिने काय सांगितलं, तेही नाही. मी विचारत नाही. जीव टांगणीला लागतो, तरी विचारत नाही.

फेरपरीक्षेचा पेपरही मी पानन्‌पान बघणार. ती नापास झाली, तर पुन्हा नववीत बसेल, याच शाळेत. दाखला मी मागणार नाही. तुम्हाला तिला काढायचंच असेल तर काढा, पण कारण खरं लिहा, आणि खाली सही तुमची करा.