पाण्याबद्दलचं मत

आमची गल्ली झाडणाऱ्या सुनंदाबाई एका सकाळी हातात मोबाइल घेऊन दारात आल्या. नगरपालिकेला नागरिकांचं मत हवं होतं.

"ताई, पाणी कसं येतं?" त्यांनी विचारलं. मी गढूळ पाण्याबद्दल सांगू लागले, तोवर त्यांनी 'उत्तम'वर बोट टेकवलंसुद्धा.

"दुसरं काही भरलं तर साहेब आम्हालाच बोलतात," त्या खाली बघत म्हणाल्या. त्यांचा उतरलेला चेहरा बघून मी ते मत पक्कं करायला माझ्या फोनवर आलेला ओटीपी नंबर सांगून टाकला.

पुढे पेपरात बातमी आली, की पाण्याबाबत शहर समाधानी आहे. त्या समाधानात मीही होते.

असलं खोटं कुणी कट करून बोलत नाही. साहेब वरच्यांना घाबरतात, सुनंदाबाई साहेबांना घाबरतात आणि आम्हाला सुनंदाबाईंची दया येते. एवढ्यावर अख्ख्या शहराचं मत तयार होतं, आणि शहरातलंच कुणी त्यावर विश्वास ठेवत नाही.

पावसाळ्यात नगरपालिकेची गाडी भोंगा लावून फिरली, "पाणी उकळून प्या." शेजारच्या मालतीकाकू गॅलरीतून हसल्या. "यांचं कधी काही खरं असतं का?" मीही हसले आणि नळाचं पाणी तसंच भरून ठेवलं.

महिन्याभरात काकूंना कावीळ झाली. मी दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा त्यांचे डोळे पिवळेजर्द दिसत होते.

"ते भोंग्यावरचं खरं होतं का गं?"

"हो, काकू."

त्या हळूच म्हणाल्या, "पण ते आपण ओळखायचं कसं?"