मंडळाच्या चौकटीतलं नाव

विठ्ठलवाडी डेपोच्या मागे तिसऱ्या माळ्यावर राहणारी यशोधरा गायकवाड नेमकं काय काम करते, हे तिच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच धड सांगता यायचं नाही. ‘कॉम्प्युटरचं काहीतरी करते,’ एवढ्यावर सगळे थांबत. वेबसाइट बनवून देणारे उल्हासनगरात पैशाला पासरी. यशोधरा बिघडलेल्या वेबसाइट दुरुस्त करायची. कॅम्पातले फर्निचरवाले, जीन्सवाले तिचं गिऱ्हाईक. ‘बेटी, नया रेट डाला, पर दिखता पुराना है,’ असा फोन आला की पुढचं ऐकायची तिला गरजच नसे.

दुखणं बहुतेक वेळा एकच असायचं. पानाच्या आत एक चौकट असते आणि त्या चौकटीत दुसऱ्याच जागेवरचं पान आणून बसवलेलं असतं. बाहेरचं पान ताजं होतं, आतलं होत नाही. ब्राउझर हा मुलखाचा आळशी. एकदा आणलेलं पान तो बाजूला झाकून ठेवतो, आणि पुन्हा मागितलं की तेच शिळं वाढतो. माणूस बिचारा बोट दुखेस्तोवर रिफ्रेश दाबत बसतो आणि शेवटी मोबाइलला शिव्या घालतो.

यशोधराने पस्तिशी ओलांडली होती आणि लग्न केलं नव्हतं. आता लोकांना अशा ठिकाणी काहीतरी प्रेमभंग वगैरे लागतो. तसलं काही नव्हतं हो. बदलापूरच्या एका स्थळाने ‘लग्नानंतर हे काम सोडणार ना,’ म्हणून विचारलं, तिने नाही म्हटलं, चहा पिऊन ती माणसं गेली. अशी आणखी काही आली नि गेली. मग तिला कंटाळा आला. आपलं बरं चाललंय, हे तिला एक दिवस भाजी निवडताना कळलं, आणि ते कळल्यावर तिला बरंच वाटलं.

वाईट एवढंच, की हे पप्पांना सांगायचं कसं. किसनराव अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले, आणि आई गेल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट, यशोचं जमलं पाहिजे. बुद्धविहारातल्या वधू-वर मंडळात तिचं नाव त्यांनीच घातलं होतं. देवदत्त सर ते मंडळ चालवत. रिटायर झालेले मास्तर, शिस्तीचे एकदम कडक. नाव घालायचं बापाने, आणि निघायचं ते लग्न ठरल्यावरच, पेढे आणल्यावर, असा तिथला रिवाज. ‘आम्हाला आता करायचं नाही’ म्हणून कुणी नाव काढल्याचं मंडळाच्या इतिहासात नव्हतं. चाळिशी गेलेली मुलंसुद्धा यादीत मुकाट बसलेली असत.

मंडळाची साइट फुकटात सांभाळायचं काम यशोधराकडेच होतं. आषाढात, विहारात वर्षावास लागायच्या आधी एका दुपारी तिने यादी उघडली आणि आपलं नाव काढून टाकलं. पप्पा विचारतील तेव्हा सांगू, असं तिने ठरवलं.

पप्पांनी विचारलंच नाही. पुढच्या रविवारी चहा घेता घेता त्यांनी मंडळाचं पान उघडलं, तिचं नाव वाचलं, समाधानाने मान हलवली आणि मोबाइल बाजूला ठेवला. यशोधराने वाकून पाहिलं, तर नाव जिथल्या तिथे. ब्राउझरने चौकटीत जुनीच यादी वाढली होती. का, ते तिला तेव्हाच कळलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर चहा संपायच्या आत तिने नीट करून दिलं असतं. इथे ती गप्प बसली. म्हातारा खूश, आपल्यामागची कटकट गेली, कशाला हात लावा? दर रविवारी तेच, वर्षावासाचे तिन्ही महिने असेच गेले.

मग उमाताईंचं प्रकरण झालं. उमाताई पहिल्या माळ्यावरच्या. त्यांची मुलगी लग्न होऊन वांगणीला दिलेली, पेढे कधीच वाटून झालेले. तिचं नाव शिळ्या यादीत बघून कल्याणहून एका मुलाच्या बापाने तिला स्थळ म्हणून फोन केला, आणि तो उचलला तिच्या सासूने. आता सासूला वेबसाइटची चौकट कोण समजावणार? दोन्ही घरांत आठवडाभर महाभारत चाललं. देवदत्त सरांनी यशोधराला बोलावून स्पष्ट सांगितलं, की हे रविवारपर्यंत दुरुस्त झालं पाहिजे, नाहीतर मंडळाची अब्रू राहत नाही.

काम तसं किरकोळ. चौकटीच्या पत्त्याला शेवटी दर वेळी बदलणारा एक आकडा जोडायचा, म्हणजे ब्राउझरला पान नवीनच वाटतं आणि तो ते मुकाट्याने ताजं आणतो. यशोधरा मात्र त्यापुढे दोन दिवस बसून होती. पप्पांच्या मोबाइलपुरती जुनी यादी तशीच ठेवणं तिला सहज जमलं असतं. पण बापाला मरेपर्यंत शिळं वाढायचं, हे तिच्या जिवाला लागलं. तिने सगळ्यांची चौकट सरळ केली. शनिवारी पप्पांना सांगून टाकायचं, असंही ठरवलं. शनिवार आला नि गेला. तिची जीभ रेटली नाही.

रविवारी किसनराव वंदनेला विहारात गेले आणि तिथेच त्यांनी पान उघडलं. नाव नाही! शेजारच्यांनीही पाहिलं, आणि रिवाजाप्रमाणे जो तो हात मिळवून अभिनंदन करू लागला. आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे चारचौघांत कबूल करायला बापाला जड जातं. त्यांनी अभिनंदन घेतलं, नाक्यावर पेढे घेतले आणि तीन माळे चढून घरी आले.

"कोण आहे?" पुडा टेबलावर ठेवत त्यांनी विचारलं. "आपल्यातला नसला तरी चालेल मला. सिंधी असला तरी चालेल. तुझ्या आईला चाललं नसतं, पण मी तिची समजूत घातली असती."

 यशोधराने खुर्ची ओढून त्यांना बसवलं.

"कुणी नाही, पप्पा. नाव मीच काढलं. वर्षावासाच्या आधीच."

मग मी दर रविवारी काय बघत होतो, असं त्यांनी विचारलं. तिने चौकटीचं सगळं सांगितलं. आपलं काम असं घरात कुणाला समजावून सांगायची तिची ही पहिलीच वेळ. किसनरावांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मशीनवर जन्म गेलेला माणूस, त्यांना ते बरोबर समजलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो."

ते पुड्याच्या दोऱ्याची गाठ सोडू लागले.

"काढलंस ते काढलंस. नाव तुझं आहे. पण मी ते तुला मोठ्याने वाचून दाखवायचो, यशो. गायकवाड यशोधरा किसन, बीएस्सी. आणि तू समोर बसून हो म्हणायचीस."

नाव काढल्याचं यशोधराला आजही काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र तिला मान वर करता आली नाही, आणि पप्पांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.