कलमवाले बकारामजी

बकारामजी संत्र्याची कलमं विकत, पण त्याआधी गिऱ्हाइकाला संत्रं खायला लावत. ज्या झाडाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, कलमाला बांधलेला असे, त्याच झाडाखाली माणसाला उभं करून त्याचंच फळ सोलून हातावर ठेवत. "खाय गा," एवढंच म्हणत. झाडावर फळं नसतील तेव्हा कितीही लांबून आलेला माणूस रिकामा परत जाई. एकदा सावनेरकडचे एक पाटील चिडले. "मी कलमं न्याले आलो, पाहुणचाराले नाही."

"पाटील, पोरगी पाहाले गेले का तिच्या मायकडे पाहता का नाही? तसंच हाय हे."

पाटील हसले आणि दोन फोडी जास्तच खाऊन गेले.

नागपुरात सदर वस्तीच्या पलीकडे एका मिशनच्या आवारात त्यांची रोपवाटिका होती. कॉलेजात शिकताना मी दर रविवारी तिथे जाई. लोक त्यांना चक्रम म्हणत. मी तसं कधी म्हणू शकलो नाही, कारण या सवयीचं मूळ आमच्याच घरात होतं.

आमचं गाव काटोलकडचं. मी मराठी पहिलीत असताना वडिलांनी बगीचा लावला. कलमं बकारामजींचीच. तेव्हा ते मिशनमध्ये नव्हते, बाजारात बसून विकत. पहिल्या उन्हाळ्यात आईने डोक्यावर घागरी वाहून ती झाडं जगवली. झाडं हिरवीगार वाढली. पण सहाव्या वर्षी शेजाऱ्यांचे बगीचे फळांनी लदले, तेव्हा आमच्याकडे मोजकी, जाड सालीची, कोरडी फळं लागली. पुढच्या वर्षीही तेच. मग भावकीतल्या बायका बोलू लागल्या, की बगीचा लावला तेव्हा ही बाहेरची, विटाळात होती आणि तशीच झाडांच्या आळ्यांमधून हिंडली. आईने सांगून पाहिलं की असं काही झालं नाही. वडील कुणाला काही बोलले नाहीत. आईला मात्र म्हणाले, "तू आता बगीच्यात येत नको जाऊ वं." दोन वर्षं ती भाकरी घेऊन फाटकापर्यंत जाई, बाहेरच्या दगडावर ठेवी आणि परत येई.

दरम्यान बकारामजी मिशनच्या बागेत कामाला लागले होते. रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसावं लागे. "पाद्रीसाहेब पापी पापी म्हणत," ते मला सांगत, "तवा मले वाटे, बाजूच्या माळ्याले सांगून राहिले. मी कोनाच्या घरात शिरलो होतो?"

एका सकाळी ते डोळे बांधत होते. पाद्रीबाई सहज जवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, हा डोळा कोणत्या झाडाचा? बकारामजींनी सांगितलं, विहिरीजवळच्या गोड झाडाचा. डोळा होता कुंपणाजवळच्या झाडाचा. त्याला फांद्या भरपूर आणि फळ बेचव. चांगल्या झाडाच्या फांद्या मालक छाटू देत नाहीत, म्हणून बाजारात असतानाही ते अशाच झाडांवरून डोळे काढत.

"बाई 'बरं' म्हणून चालली गेली. अन् मले माहंच बोलणं कानात ऐकू आलं. किती वर्सं तेच बोलून राहिलो होतो. झाड सहा वर्सांनी फळते. तवर लोकं जमिनीले दोष देतात, पाण्याले देतात, नशिबाले देतात. मले कोनी धरूच शकत नोतं, बाबू. त्याचंच भेव वाटलं."

त्यानंतर त्यांनी स्वतः पाद्रीसाहेबांकडे जाऊन बाप्तिस्मा मागितला. रविवार ठरला, आणि आदल्या दिवशी ते नको म्हणाले. पाद्रीसाहेबांनी समजावलं, "बकाराम, माफी फेड करून मिळत नसते. ती मिळालेली आहे."

"मिळाली, साहेब. पण तिकडं अजून दुसऱ्याच कोनाले बोल लागून राहिला असंन." आणि आपली कलमं जिथे जिथे गेली होती, तिथे ते गावोगाव निघाले.

आमच्या गावी आले तेव्हा मी हायस्कूलच्या सुटीत घरी होतो. बगीच्याच्या फाटकाशी त्यांना आई दिसली. मी तिच्याबरोबर होतो. ओळख काही नव्हती. त्यांनी सहज विचारलं, "बाई, बाहेरच काहून ठेवता भाकर?"

"माह्या पायानं झाडं वांझ झाली म्हणतात," आई म्हणाली.

त्यांनी फाटक उघडलं. आत जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. वडिलांनी काठी उचलली. बकारामजी म्हणाले, "मारा. पण पहिले चार मान्सं बोलवा."

संध्याकाळी पारावर गाव जमलं. "झाडाले खोटा डोळा म्या बांधला," ते म्हणाले. "या बाईच्या पायाचा काही संबंध नाही."

कुणीतरी टोमणा मारला, "किरिस्ताव होऊन राहिला ना तू? मंग धुतलं गेलं का सारं?"

"धुतलं गेलं म्हणूनच सांगाले आलो गा. नाही त मेलो असतो, बोललो नसतो."

पुढच्या दोन हंगामांत त्यांनी आमची झाडं खालून छाटून नव्याने डोळे बांधले. वडिलांनी काम करू दिलं, पण त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. आईला म्हणाले, "आता येत जाय." बस, एवढंच. सगळा दोष बकारामजींचा ठरला आणि वडील मोकळे झाले. आई बगीच्यात जाऊ लागली, पण तिथे असली की गप्प असे.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो त्याच झाडांच्या संत्र्यांवर. नागपुरात मला राहायला खोलीही बकारामजींनीच मिळवून दिली. तोवर त्यांचा बाप्तिस्माही झाला होता. एकदा मी विचारलं, माणूस ख्रिस्ती होतो म्हणजे नेमकं काय होतं?

"लोकं म्हणतात, पाणी पडलं का झाला. नाव बदललं का झाला. माहं नाव त बकारामच हाय." त्यांनी हातातल्या कलमाची गाठ आवळली. "दुसऱ्याचं पाप पाहून काही होत नाही, बाबू. आपलं दिसलं का मंग येशूकडे जाच लागते. ते घेऊन दुसरीकडं कोठी जाशीन?"

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना ते तापाने गेले. मी घरी तार केली. वडील येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आले. ख्रिस्ती लोकांच्या मागे, वहाणा हातात घेऊन उभे राहिले. सगळ्यांची माती टाकून झाल्यावर त्यांनीही मूठभर टाकली. मीही त्यांच्याबरोबर काटोलच्या गाडीत बसलो.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात गहू निवडत होती. मातीवरून आलो म्हणून तिने ऊन पाण्याची बादली दाराबाहेर आणून ठेवली.

"पहिले आंघोळ करा," ती म्हणाली.

वडील बादलीजवळ उभेच राहिले. "दोन वर्सं तुले फाटकावरून वापस धाडलं," ते म्हणाले. "बकारामनं मले तसं कराले सांगितलं नोतं. ते माहं होतं."

आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "पाणी थंड होते. मंग बोला."

"नाही वं," वडील म्हणाले. "आताच बोलतो."